मार्जिनबाईंचा सहावा प्रश्न

छापखान्यात त्यांना सगळे मार्जिनबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना राग आला नसता. तेवीस वर्षं त्या एकाच टेबलाशी बसून एकच गोष्ट सांगत आल्या होत्या, की कागदाच्या कडेला थोडी जागा मोकळी सोडा. गिऱ्हाईक म्हणायचं, पैसे अख्ख्या कागदाचे देतोय, मग रिकामा का ठेवायचा? बाई विचारायच्या, "तुम्ही खोलीत भिंतीला नाक लावून बसता का?" गिऱ्हाईक हसायचं आणि मार्जिन सुटायचं.

छापखाना बोळासारखा लांबट होता. पुढे काउंटर, मध्ये मोठे फलक छापणारं घरघरतं यंत्र, आणि पार मागे खिडकीपाशी बाईंचं टेबल. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत, म्हणून ती कोणी उघडत नसे. तिथे बसून बाईंनी पावतीपुस्तकं केली, औषधांच्या बाटल्यांची लेबलं केली, गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या केल्या. टेबल जुनं होतं, एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी होती. पण त्यावर सायंकाळी ठेवलेली पेन्सिल सकाळी ठेवली तिथेच सापडे. घरात अशी एकही जागा नव्हती.

बाईंची एक खोड होती. कुठलंही डिझाइन करताना खरा मजकूर बहुतेक वेळा आलेलाच नसतो. ती जागा कशानं तरी भरून बघावी लागते. बाकीचे लोक तिथे कुठल्याशा परक्या भाषेतली निरर्थक अक्षरं ओततात. बाईंना ते कधी पटलं नाही. त्यांचं म्हणणं, वाक्याला अर्थ असला की अक्षरं नीट बसतात, आणि वाचणारा कुठे अडखळेल तेही कळतं. म्हणून त्या जे मनात असेल ते टाइप करत, आणि मनात बहुधा घर असे. एका शिकवणीवर्गाच्या पत्रकाच्या कच्च्या प्रतीत, जिथे पुढे शिक्षकांचा परिचय यायचा होता, तिथे लिहिलं होतं, ‘चिरंजीवांनी ओला टॉवेल पलंगावर टाकण्याचा आजचा सलग नववा दिवस. सासूबाई म्हणतात, मुलगा दमतो. टॉवेल टाकून दमतो बहुतेक.’ छापखान्याचे मालक, ज्यांना अवघी गल्ली काका म्हणे, ते कच्ची प्रत हातात आली की आधी हे वाचत आणि मग डिझाइन बघत.

यात धोका होता आणि बाईंनी त्यावर उपायही केला होता. असा भरताड मजकूर त्या नेहमी भडक गुलाबी रंगात टाकत. छपाईला जाण्याआधी पानावर कुठे गुलाबी दिसलं, की समजायचं, इथे खरा मजकूर यायचा राहिलाय. तेवीस वर्षांत एकही गुलाबी ओळ छापून बाहेर गेली नव्हती.

यंदा काकांच्या मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई आली. ती डिझाइनचा कोर्स केलेली. बोटं अशी भराभर चालायची की बाई बघतच राहायच्या. दीड महिना तिनं घरात काढला, मग म्हणाली, मला कंटाळा येतो. काकांनी एका सोमवारी घसा खाकरून बाईंना सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून टेबलाशी सूनबाई बसेल, तुम्ही काउंटर बघा. पगार तोच. डोळ्यांनाही आराम मिळेल. काकांच्या मनात खरंच वाईट काही नव्हतं. हेच त्यातलं वाईट होतं, कारण त्यामुळे भांडताही येत नव्हतं. बाई "बरं" म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचं काम करी. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "काउंटरला पंखा आहे ना गं?"

बाई त्याच्याशी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात कॉलेजची मुलं आली. दोघं होती. एक अध्यक्ष, म्हणजे आखूड केसांची, हातात वही घेतलेली मुलगी. आणि एक प्रसिद्धीप्रमुख, जो चालतानासुद्धा मोबाइलमध्ये बघून चाले आणि तरी कशाला धडकत नसे. त्यांच्या कॉलेजात हॅकेथॉन होता. छत्तीस तास एका सभागृहात बसायचं, दिलेल्या प्रश्नांपैकी एक घ्यायचा आणि त्यावर चालेल असं काहीतरी बनवून दाखवायचं. त्यासाठी यांना बोधचिन्ह, फलक, गळ्यात अडकवायची ओळखपत्रं, टी-शर्ट, सगळं एका सुतात हवं होतं.

काका सूनबाईकडे बघायला लागले. तेव्हा बाई उठून काउंटरपाशी आल्या आणि तेवीस वर्षांत प्रथमच त्यांनी काही मागितलं. म्हणाल्या, "काका, एवढं काम मला करू द्या. मुलांना पसंत पडलं तर टेबलाचं पुन्हा बघा. नाही पडलं तर एक तारखेला मी मुकाट्यानं इथे येऊन बसते."

काकांनी कान खाजवला. असं कधी घडलं नव्हतं, त्यामुळे नाही कसं म्हणायचं हे त्यांना सुचलं नाही. सूनबाई शेजारी स्टूल घेऊन बसेल, मदत करेल, असं ठरलं.

प्रसिद्धीप्रमुखानं एक बोधचिन्ह कॉम्प्युटरकडूनच काढून आणलं होतं. त्यात रॉकेट होतं, रॉकेटात मेंदू होता, मेंदूवर दिवा पेटला होता.

"हा मेंदू रॉकेटात बसून दिवा का लावतोय?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, ते इनोव्हेशन आहे."

"असेल. पण टी-शर्टवर ते फुलकोबी दिसणार."

अध्यक्ष मुलगी खुदकन हसली आणि तिथून काम मार्गी लागलं. बाईंनी मग असे प्रश्न विचारले की मुलं गडबडली. फलक कोण वाचणार? किती लांबून? उभ्यानं की चालता चालता? छत्तीस तासांत माणसाला सगळ्यात जास्त काय शोधावं लागतं? प्रसिद्धीप्रमुख म्हणाला, प्रेरणा. बाई म्हणाल्या, पाणी, बाथरूम आणि मोबाइलचा चार्जर लावायचं भोक. अध्यक्षीणबाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

स्पर्धेचं नाव ‘छत्तीस तास’ एवढंच होतं. बाईंनी कागदावर पेन्सिलीनं ३ काढला, त्याला लागून ६ काढला, दोघांची पाठ एकमेकांना चिकटवली, वर दोन टिंबं दिली. दोन माणसं पाठीला पाठ लावून बसल्यासारखी दिसायला लागली.

सूनबाई म्हणाली, "ताई, छत्तीसचा आकडा? लोक म्हणतील आतमध्ये भांडणं लागलीत."

"पाठ फिरवलेली नाही, टेकलीय," बाई म्हणाल्या. "छत्तीस तास बसायचं तर कोणाला तरी टेकावं लागतंच."

सूनबाईनं ते कॉम्प्युटरवर घेतलं आणि दहा मिनिटांत असं सफाईदार करून दिलं की बाईंनी निमूट तिच्यापुढे बिस्किटांचा पुडा सरकवला. दोघींचं जमत होतं. बाईंना हे कबूल करायला जड जात होतं. आपली जागा घेणारी पोरगी आगाऊ असावी, आळशी असावी, निदान ऐकून न ऐकल्यासारखं करणारी असावी, असं त्यांना फार वाटे. पण ती उठून पाणी आणून द्यायची आणि शॉर्टकट शिकवताना एकदाही उसासा टाकायची नाही.

सगळ्यात मोठा फलक प्रश्नांचा होता. आठ फूट उंच. वर बोधचिन्ह, खाली सहा चौकटी, प्रत्येकीत एक प्रश्न. पाच प्रश्न आले होते: भंगाराची वर्गवारी, वाचनालयातली रांग, असेच काही. सहावा एक प्राध्यापक देणार होते. तोवर सहाव्या चौकटीत बाईंनी, नेहमीप्रमाणे, त्या दिवशी मनात होतं ते भरलं. त्या दिवशी मनात शेजारीण होती.

फलकाचे रंग तेव्हा निळे होते. छपाईच्या आदल्या दिवशी प्रसिद्धीप्रमुख धापा टाकत आला. दुसऱ्या कुठल्या कॉलेजच्या स्पर्धेचाही रंग निळाच निघाला होता. आता सगळं गुलाबी हवं, भडक गुलाबी, लांबून दिसेल असं. बाईंनी यादी काढून मोजलं. चाळीसेक वस्तू होत्या. सूनबाई म्हणाली, ताई, थांबा, आणि तिनं कुठल्याशा दोन कळा दाबल्या. सगळं निळं एका फटक्यात गुलाबी झालं. बाईंनी तोंडावर हात ठेवला. आपण हे हातानं केलं असतं तर रात्र झाली असती, असा विचार आला, आणि त्यापाठोपाठ काउंटरच्या पंख्याचाही.

मग प्रूफ निघालं. अध्यक्ष आणि प्रसिद्धीप्रमुख यांनी बोधचिन्ह पाहिलं आणि सही केली. सहावी चौकट भरलेली आहे, तेव्हा सरांनी प्रश्न परस्पर छापखान्यात दिला असेल असं त्यांना वाटलं. सरांना वाटलं, पाच प्रश्न पुरेत म्हणून मुलांनी आपल्याला पुन्हा विचारलं नाही. काकांनी प्राचार्यांच्या नावाआधीच्या पदव्या बरोबर आहेत ना, एवढंच तपासलं, कारण मागे एकदा पदवी गळून मोठं रामायण झालं होतं. आणि बाईंनी, तेवीस वर्षांच्या सवयीनं, कुठे गुलाबी दिसतंय का बघितलं. गुलाबी सगळीकडेच होतं. म्हणून डोळा कुठेच थांबला नाही.

शनिवारी सकाळी त्या आणि सूनबाई सभागृहात पोचल्या तेव्हा उद्घाटन सुरू होतं. बाई मागून चालत आल्या. पाण्याकडे नेणारे बाण त्यांनी मोजत मोजत पाहिले. एक मुलगा वर न बघता, नुसत्या बाणांवर नजर ठेवून बाथरूमकडे गेला, तेव्हा त्यांना आतून इतकं बरं वाटलं की सूनबाईचा हात त्यांनी जरा दाबला. व्यासपीठावर प्राचार्य प्रश्नांचा फलक वाचून दाखवत होते. शांत, भारदस्त आवाज. पाचवा प्रश्न संपला. त्यांनी चष्मा वर केला.

"प्रश्न सहावा," प्राचार्य म्हणाले. "घरात माणसं चार. गच्चीवरच्या टाकीची मोटर लावतात सगळे, बंद करत नाही कोणी. टाकी भरून वाहते आणि पाणी शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडतं. विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, मला वाटलं तू बंद केलीस. घरातला एक माणूस तर पाणी खात्यातच आहे. यावर कोणी उपाय काढील का? आणि तोवर मी शेजारणीला तोंड कसं दाखवू?"

मग मागच्या रांगेतून हसू फुटलं आणि पुढेपर्यंत आलं, आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यही हसले. म्हणाले, प्रश्न असा असावा, नळाखाली उभं राहून विचारलेला. आणि त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला.

आठ फुटी फलकावर, लांबून दिसेल अशा अक्षरांत, त्यांचं घर टांगलेलं होतं. नवऱ्याचं खातंसुद्धा होतं. मार्जिन मात्र चारी बाजूंनी अगदी व्यवस्थित सुटलं होतं.

सूनबाईनं त्यांना एका खांबामागे ओढलं. तिचं डोकं मात्र चालत होतं. हळू आवाजात म्हणाली, "ताई, गप्प बसा. कोणाला कळलेलं नाही. सगळ्यांना आवडलंय. बाबांना तर छापखान्यात बसून कधीच कळणार नाही."

हे खरं होतं. बाई खांबाला टेकून उभ्या राहिल्या. गप्प बसलं तर काम मुलांना पसंत पडलं असंच ठरणार होतं, टेबल राहणार होतं. बोललं तर काका म्हणणार, तेवीस वर्षांनी चूक झाली म्हणजे आता डोळे थकले. आणि तसं म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. समोर मुलं घोळक्यानं फलकाकडे जात होती. बावीस गटांपैकी सात गटांनी सहावा प्रश्न निवडला. अध्यक्ष मुलगी वही घेऊन धावत आली आणि विचारू लागली, की हा प्रश्न नक्की कुठल्या सरांनी दिला, त्यांचे आभार मानायचेत.

बाईंनी एकदा सूनबाईकडे बघितलं.

"कुठल्या सरांनी नाही दिला," त्या म्हणाल्या. "तो माझ्या घरचा आहे. चुकून छापला गेला. चूक माझी."

आणि त्यांनी गुलाबी रंगाचं सगळं सांगितलं. मुलगी ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग हिशेब आला, मग एकदम समाधान. ती म्हणाली, आता बदलता येणार नाही, मुलं कामाला लागलीत. पण प्रत्येक प्रश्नाला उत्तरं द्यायला एक जाणकार बसवावा लागतो. सहाव्याचा कोण, याचीच तिला काळजी लागली होती.

"काकू, तुम्ही बसाल का?"

सकाळपर्यंत त्या मॅडम होत्या. बाई बसल्या. त्यांनीच केलेलं कोरं ओळखपत्र त्यांच्या गळ्यात आलं, त्यावर सूनबाईनं पेननं लिहिलं: ‘प्रश्न क्र. ६’.

बसण्याआधी त्यांनी एक काम उरकलं. सभागृहाबाहेर जाऊन काकांना फोन केला आणि काही न लपवता सांगितलं. तिकडे यंत्र घरघरत होतं. मग काका म्हणाले, "उद्या येतो बघायला," आणि फोन ठेवला. यातून काहीच कळेना. बाईंनी ठरवून टाकलं, की टेबल गेलं. ठरवल्यावर जरा हलकं वाटलं. आता निदान दिवस तरी नीट घालवावा.

दिवस नीट घालवण्याची सवड मुलांनी दिलीच नाही. सात गटांची मुलं रांग लावून आली. टाकी केवढी? मोटरचं बटण कुठे? वापरणारे किती जण? बाई म्हणाल्या, चार, पण मुलगा वापरत नाही, तो फक्त आंघोळ करतो. सासूबाईंना मोबाइल येतो का? नाही येत, पण दुसऱ्याच्या मोबाइलवर कोण काय बोललं ते सगळं येतं. तुमच्या मते सगळ्यात जास्त कोण विसरतं? बाई जराही न थांबता म्हणाल्या, "आमचे हे. जगाचं पाणी मोजतात, घरचं सोडून."

एका गटाला नुसत्या उत्तरांनी भागेना. चार जण होते. त्यांना टाकी बघायची होती. बाईंनी घरी फोन करून नवऱ्याला सांगितलं, की मुलं येतायत, गच्ची दाखवा, आणि कशासाठी ते विचारू नका. मुलं गेली ती दुपारी परतली, आणि परतली ती फार माहितगार होऊन. सासूबाईंनी त्यांना चहा पाजला होता. मग त्यांनी शेजारणीकडेही जाऊन मुलाखत घेतली होती. शेजारीण दोन महिने याच संधीची वाट बघत असावी. तिनं त्यांना चादरींवरचे डाग दाखवले आणि पाणी कधी पडतं याचा तोंडपाठ तपशील दिला. निघताना त्या मुलांनी मोटरच्या बटणाशेजारी एक डबी चिकटवली. तिला चार रंगांच्या चार कळा. ज्यानं मोटर लावली त्यानं आपली कळ दाबायची, म्हणजे टाकी भरली की डबी त्याच्याच नावानं बोंब मारील; आणि कोणी कधी लावली, कधी बंद केली, त्याची नोंद मुलांच्या लॅपटॉपवर आपोआप येईल.

"काय हो, ही काय भानगड?" असं बाईंनी संध्याकाळी घरी गेल्यावर स्वतःच नवऱ्याला विचारायला सुरुवात केली, म्हणजे त्याला विचारायची संधी मिळू नये. पण त्याला सगळं कळलेलं होतं. मुलांनीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "आठ फुटी ना? माझ्या पगाराचा आकडा नाही ना टाकलास?" आणि सासूबाई आतून म्हणाल्या, की टॉवेलचं टाकायला हवं होतं.

रविवारी सकाळी बाईंची धांदल उडाली. डबा, किल्ल्या, ओळखपत्र. त्या साडेसातच्या पुढे कधीतरी घराबाहेर पडल्या.

संध्याकाळी सादरीकरणं झाली. सभागृह भरलं होतं. नवरा आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, पाणी खात्याचा प्रतिनिधी असल्यासारखा पुढून तिसऱ्या रांगेत बसला होता. काका दाराशी उभे होते. त्यांनी आल्या आल्या फलक वरपासून खालपर्यंत वाचला होता, आणि बाईंकडे बघून फक्त मान हलवली होती. हो म्हणून की नाही म्हणून, हे त्या मानेला स्वतःलाच ठाऊक.

डबीवाला गट मंचावर आला. एक उंच मुलगा बोलत होता. म्हणाला, शनिवारी दुपारपासूनची नोंद आमच्याकडे आहे. पडद्यावर आकडे आले. आजी: सायंकाळी सव्वासहाला लावली, वीस मिनिटांनी बंद केली. घरातले काका: रात्री आठला लावली, आठ बावीसला बंद केली.

"आणि हिरवी कळ," मुलगा म्हणाला. "आज सकाळी सात चाळीसला लावली. डबी सव्वानऊपर्यंत ओरडत होती. शेवटी आजींनी बंद केली. शेजारच्या मावशींनी सांगितलं होतंच, की पाणी रोज आठच्या सुमारालाच पडतं."

हिरवी कळ कोणाची, हे त्यानं सांगितलं नाही. जाणकाराचा मान म्हणून असेल. पण तिसऱ्या रांगेत नवरा हळूहळू सरळ होत गेला. पाठ ताठ झाली, खांदे रुंद झाले. त्यानं वळून बायकोकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात त्याला इतकं न बोलता इतकं बोलायला प्रथमच मिळत होतं. बाईंना सकाळचं आठवलं: निघताना टाकी भरून ठेवावी म्हणून मोटर लावली, हिरवी कळ दाबलीसुद्धा, आणि आता घरात तीन माणसं आहेत, कोणीतरी बंद करेलच, म्हणून कुलुपाची किल्ली पर्समध्ये टाकली. रोज असंच. त्यांना हसू यायला लागलं. ते आवरेना. शेजारी बसलेल्या सूनबाईलाही आवरेना, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत राहिल्या.

त्या गटाला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं भंगाराला गेलं.

सगळं आटोपल्यावर काका जवळ आले. बाई उभ्या राहिल्या.

"चूक ती चूक," काका म्हणाले.

"हो."

"देवाशप्पथ सांगतो, हेच औषधाच्या लेबलावर झालं असतं तर? लोकांनी गोळी घ्यायची सोडून मोटर बंद केली असती."

तेव्हा सूनबाई मध्ये पडली. एरवी ती सासऱ्यांसमोर आवाज खालीच ठेवी.

"बाबा, रंग मी बदलले. त्याआधी पानावर गुलाबी कुठे आहे ते विचारायला हवं होतं. आणि खरं सांगू का, कळा मला दाबता येतात. पण बाथरूमचे बाण मला सुचले नसते. ‘किती लांबून वाचणार’ हा प्रश्न कोर्सच्या चार वर्षांत मला कोणी शिकवला नाही." तिनं श्वास घेतला. "ताई काउंटरवर गेल्या तर मीही काउंटरवर बसते. मग टेबलाशी तुम्ही बसा."

काकांनी जन्मात माउस धरलेला नव्हता. त्यांनी सुनेकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि जवळच उभ्या असलेल्या बाईंच्या नवऱ्याकडे आधारासाठी पाहिलं. नवरा त्या दिवशी उदार झालेला होता. म्हणाला, "काउंटरला पंखा असला म्हणून काय झालं, काका. ती कुठेही बसली तरी प्रश्न विचारणारच."

काका काही वेळ कान खाजवत राहिले. मग त्यांनी निकाल दिला. टेबल बाईंचं. सूनबाईला दुसरं आणायचं, शेजारी लागेल असं. आणि यापुढे कुठलाही कागद छपाईला जाण्याआधी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत मोठ्यानं वाचला जाईल, कोणी काही म्हणो.

"वाचणार कोण?" बाईंनी विचारलं.

"तुम्हा दोघींवर माझा आता विश्वास नाही," काका म्हणाले. "मी वाचणार."

सोमवारी सकाळी सूनबाईचं टेबल आलं, दुपारी पहिलं प्रूफ निघालं, एका दंतवैद्याच्या पत्रकाचं. काका काउंटर सोडून मागे आले, स्टूल ओढून दोन टेबलांच्या मध्ये बसले, चष्मा पुसला. आवाज त्यांनी नकळत प्राचार्यांचा लावला होता. दाढदुखी, हिरड्यांची सूज, कवळी बसवणे, कवळी सैल होणे. काउंटरपाशी आलेली दोन गिऱ्हाइकं कामाचं विसरून ऐकत उभी राहिली. बाई आणि सूनबाई आपापल्या टेबलाशी बसून पेन्सिलीनं एकेका ओळीवर खूण करत होत्या.

"सावकाश, काका," बाई मान वर न करता म्हणाल्या. "स्वल्पविराम खाताय."

काकांनी मागची ओळ पुन्हा घेतली.